मशीन नव्हे, शोकेस तपासा: साउंड सिस्टीमच्या फर्निचरमधल्या या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या घरचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढवून स्पीकरला देणारं मशीन, रोज दुपारी पाऊण तास वाजला की आपोआप बंद पडायचा. संध्याकाळी पुन्हा ठणठणीत. शेवटी पिशवीत घालून आर्वीला मेकॅनिककडे नेला. त्यानं झाकण उघडून धूळ उडवली आणि दुकानातल्या टेबलावर दिवसभर गाणी लावून ठेवली. एकदाही बंद पडला नाही. "मशीनले काही झालं नाही भाऊ," तो म्हणाला, "घरी ठेवता कुठं?"

ठेवत होतो शोकेसमध्ये. सरकत्या काचा, मागून बंद पाठ, मशीनवर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. बैठकीची शानच ती! अ‍ॅम्प्लिफायर चालताना तापतो आणि ती उष्णता वरच्या जाळीतून बाहेर जावी लागते. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तिकेत खोलीचं तापमान 35 ते 40 अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या घरात तर विचारूच नका. त्यात काच ओढून घेतली की कप्प्याची भट्टी झालीच. ठरावीक तापमानापुढे मशीन स्वतःच स्वतःला बंद करून घेतं, आणि आपण दुरुस्तीला पैसे मोजतो.

सुताराला बोलावून आधी पाठ काढून टाकली. मशीनच्या वर चार-पाच इंच आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जागा मोकळी हवीच. रुमालावरून मात्र घरात वाद झाला. "उघडं ठेवलं तं धूळ बसते ना," आईचं म्हणणं. तेही खोटं नाही, आमच्या रस्त्यानं तुरीचे ट्रॅक्टर जातात. तोडगा असा निघाला की वाजवताना रुमाल काढायचा आणि मशीन थंड झाल्यावरच परत टाकायचा.

माप न घेता कप्पे करणं

शोकेसचा कप्पा बहुधा 12 इंच खोल असतो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर साधारण 17 इंच रुंद आणि 12 ते 16 इंच खोल भरतो, शिवाय मागे वायरी वळायला तीन इंच लागतात. म्हणून मशीन कप्प्याबाहेर डोकावतं किंवा वायरी भिंतीशी दबून सैल होतात आणि एका बाजूचा स्पीकर मधूनच मुका होतो. असं झालं तर मेकॅनिकच्या आधी मागच्या पिना तपासा. नवं करून घेत असाल तर कप्पा 18 ते 20 इंच खोल सांगा.

तयार टेबलाच्या चकाकीला भुलणं

तालुक्याच्या दुकानातलं स्वस्त टीव्ही युनिट बहुतेक भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं असतं. कूलरची ओल आणि पावसाळा मिळून त्याच्या कडा फुगतात, स्क्रू धरत नाहीत आणि जड मशीनखाली फळी मधोमध वाकते. त्यापेक्षा सहा सुती, म्हणजे 19 एमएमची, ओलाव्याला टिकणारी प्लाय घ्या आणि तीन फुटांपेक्षा लांब फळीला मधे टेकू द्या.

सागवान मिळालं तर सोनंच, पण पॉलिश करण्याआधी बघा. सागाचा तांबूस-तपकिरी गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, कडेचा पांढरट भाग मात्र ती आवडीनं खाते. पॉलिश मारलं की दोन्ही सारखेच दिसतात. मातीच्या भिंतीला फर्निचर टेकवायचं नाही, दोन इंच अंतर ठेवायचं आणि पायांखाली फरशीचे तुकडे द्यायचे. वाळवीची मातीची नळी चढू लागली तर लगेच नजरेला पडते.

स्पीकर आणि मशीन एकाच फळीवर

गाणं ऐकताना काच किणकिणते किंवा बासला, म्हणजे जाड आवाजाला, सगळं घुमतं, तेव्हा दोष स्पीकरचाच असेल असं नाही. पाण्यानं भरलेली वाटी फळीवर ठेवून आवाज वाढवा. पाण्यावर तरंग उठले तर फळीच थरथरते आहे. बास काढणारा मोठा स्पीकर, म्हणजे वुफर, खाली जमिनीवर घ्या. तो अगदी कोपऱ्यात असेल तर बास फुगतो, हातभर बाहेर ओढून बघा. रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो स्पीकरच्या फळीवर नकोच, हादरा सुईत शिरतो आणि हूऽऽ असा आवाज येतो.

स्पीकर शोकेसच्या माथ्यावर ठेवायची आपली जुनी सवय. बारीक आवाज काढणारा ट्वीटर कानाच्या रेषेत असला की शब्द स्पष्ट येतात. सतरंजीवर बसलं की कान जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर, दिवाणावर बसलं की साडेतीन फुटांच्या आसपास. तुम्ही बसता कुठं, त्यावरून स्टँडची उंची ठरवा.

स्वस्तातला माझा आवडता उपाय म्हणजे गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचे स्टँड करून घेणं. पोकळ पाइप टणटणतो, म्हणून वरचं टोक उघडं ठेवायला सांगितलं, नाल्याची रेती चाळून दोन दिवस गच्चीवर वाळवली, पाइपात भरली आणि तोंड बंद केलं. ओली रेती भराल तर पाइप आतून गंजेल. वर प्लायचा चौकोन, त्याखाली जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे. काळा रंग मारला तर पाहुणे विकतचेच समजतात. खर्च शोकेसच्या पाव किमतीतही आला नाही.

किराणा दुकानातला खाचेच्या अँगलचा रॅकही चालतो. पत्र्याच्या कप्प्यावर तेवढी प्लाय टाका, नाहीतर पत्रा गाण्याला साथ देतो.

आणि वायरीसाठी मागे भोक पाडाल ते वायरीपुरतंच. मी कपबशी बसेल एवढं पाडलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात उंदरानं आत संसार थाटून डाव्या स्पीकरची वायर कुरतडली.