वैर मिटल्याचा करार कसा वाचावा : भारत-पोर्तुगाल, १९७४

गोवा मुक्तीवर प्रकल्प किंवा स्पर्धा परीक्षेचं उत्तर लिहिणारे बहुतेक जण १९ डिसेंबर १९६१ ला पेन खाली ठेवतात. पण लढाई संपली तरी पोर्तुगालच्या कागदांवर गोवा त्यांचाच राहिला. ते कागद बदलायला आणखी तेरा वर्षं आणि बारा दिवस लागले. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी सही केली आणि पोर्तुगालकडून तिथले परराष्ट्रमंत्री मारियु सोआरिश यांनी. करार छोटा आहे, पण घाईत वाचला तर हमखास चुकीचा वाचला जातो.

मजकूर उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा : वकिलाती, प्रदेशाचा ताबा, सार्वभौमत्वाला मान्यता, आणि माणसं व मालमत्ता. दोन देशांमधलं वैर एका झटक्यात जडत नाही आणि सुटतही नाही. या चार गोष्टी वेगवेगळ्या वेळी तुटतात आणि वेगवेगळ्या वेळी जुळतात. सगळं एकाच रकान्यात भरलं की घोळ होतो.

वकिलातींचा रकाना आधी भरा. भारताने लिस्बनमध्ये वकिलात उघडली १९४९ मध्ये आणि बंद केली १९५३ मध्ये. दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात ऑगस्ट १९५५ मध्ये बंद झाली. म्हणजे ‘सैन्य घुसल्यामुळे राजनैतिक संबंध तुटले’ हे सर्रास लिहिलं जाणारं वाक्य चूक आहे. सैन्य आलं तेव्हा संबंध तुटून सहा वर्षं झाली होती. मधल्या काळात निरोप पोचवायला तिसरे देश लागत. पोर्तुगालचं काम भारतात ब्राझील बघे आणि भारताचं पोर्तुगालमध्ये इजिप्त.

ताब्याच्या रकान्यात दोन वेगळ्या ओळी हव्यात. दादरा आणि नगर हवेली १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्येच मोकळे झाले होते. पोर्तुगाल त्यावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० चा निकाल दोघांनाही आपापल्या सोयीने सांगता आला : भारतीय हद्दीतून तिथे नागरिक, मुलकी अधिकारी आणि साधा माल नेण्यापुरता वाटेचा हक्क मान्य, पण सशस्त्र दल आणि दारूगोळा नेण्याचा हक्क नाही, आणि वाट अडवून भारताने कोणताही नियम मोडलेला नाही. गोवा, दमण, दीव यांची ओळ १९६१ ची.

आता तिसरा रकाना, मान्यतेचा. इथे सावकाश जा. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या राज्यघटनेत वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ करून टाकलं होतं. त्यामुळे लिस्बनच्या दृष्टीने गोवा सोडणं म्हणजे देशाचाच तुकडा तोडून देणं झालं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीला हे करणं शक्यच नव्हतं. २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट उलथली, जुलैमध्ये नव्या सत्तेने कायदा करून वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मानला, आणि मगच डिसेंबरमधली सही शक्य झाली. कुठलाही असा करार वाचताना आधी हे शोधा की सही करणाऱ्याला त्याच्या घरचा कायदा सही करू देत होता का.

पहिलं कलम उघडा आणि क्रियापदाखाली रेघ मारा. पोर्तुगाल या प्रदेशांवरचं भारताचं पूर्ण सार्वभौमत्व ‘मान्य’ करतं. ‘सोपवतं’ असं तिथे म्हटलेलं नाही. फरक बघायचा असेल तर शेजारी पुदुच्चेरीचा करार ठेवा. फ्रान्सने १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार सोपवला, २८ मे १९५६ ला प्रदेश भारताला देऊन टाकण्याचा करार केला, आणि तो १६ ऑगस्ट १९६२ ला अंमलात आला. तिथे खरोखर देणं-घेणं झालं. गोव्याच्या बाबतीत ‘पोर्तुगालने १९७४ मध्ये गोवा भारताला दिला’ असं लिहिलंत तर परीक्षकाने गुण कापलेच म्हणून समजा, आणि कापायलाच हवेत.

क्रियापदानंतर तारीख. गंमत म्हणजे कलमात तारखेचा आकडाच नाही. हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या-ज्या तारखांना भारताचे भाग झाले, त्या तारखांपासून मान्यता, असं लिहिलंय. मग आकडे घटनादुरुस्त्यांत शोधावे लागतात. दहावी दुरुस्ती दादरा व नगर हवेलीसाठी, ११ ऑगस्ट १९६१ पासून. बारावी गोवा, दमण, दीवसाठी. ती १९६२ मध्ये झाली, पण लागू धरली २० डिसेंबर १९६१ पासून. मुक्तिदिन १९ चा आणि कायद्याची तारीख २० ची! उत्तरात दोन्ही लिहा, कुठली कशाची ते सांगून.

ही मागे जाणारी तारीख का हवी होती? मान्यता जर सहीच्या दिवसापासून धरली असती, तर मधली तेरा वर्षं पोर्तुगालच्या लेखी अधांतरी राहिली असती. १९६३ ची पहिली विधानसभा निवडणूक, १९६४ चा कूळ कायदा, १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, सगळं ‘दुसऱ्याच्या भूमीत’ झालेलं ठरलं असतं. मसुदा लिहिणाऱ्यांनी एका वाक्यात तो प्रश्न मिटवला, तेही पोर्तुगालकडून १९६१ चा आकडा न वदवता. अशा जागा शोधायची सवय लागली की कुठलाही तह वाचता येतो.

सहीची तारीख आणि अंमलाची तारीख एक समजू नका. हा करार दोन्हीकडच्या अनुसमर्थनानंतर, म्हणजे रीतसर अंतिम मंजुरीनंतर, ३ जून १९७५ ला लागू झाला. बातमी शोधत असाल तर पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात वर्तमानपत्राचा ३१ डिसेंबरचा अंक मागू नका. सहीची बातमी १ जानेवारी १९७५ च्या किंवा त्यानंतरच्या अंकात मिळेल.

चौथा रकाना सगळ्यात उशिरा भरतो, कारण करार तिथे फक्त ‘पुढे बोलू’ म्हणतो. सांस्कृतिक करार व्हायला १९८० उजाडलं. मालमत्तेचे दावे त्याहून रखडले. गोयकारांनी बांको नासियोनाल उल्त्रामारीनु या पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने १९६१ मध्ये लिस्बनला नेले होते. ते परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षांत किती घरांतल्या पावत्या हरवल्या असतील याचा हिशोब कुठल्याच कलमात बसत नाही. अमेरिका आणि व्हिएतनाम यांचा क्रम उलटा होता : मालमत्तेच्या दाव्यांचा निकाल जानेवारी १९९५ मध्ये, राजनैतिक संबंध जुलैमध्ये. पैशाचा प्रश्न आधी की नंतर, यावरून घाई कोणाला होती ते कळतं.

शेवटी, करार ज्यावर बोलत नाही तेही टिपून ठेवा. पोर्तुगीज पासपोर्टचं काय, हा गोव्यात कायम विचारला जाणारा प्रश्न सार्वभौमत्वाच्या कलमातून सुटत नाही. त्यासाठी दोन वेगळे कायदे शेजारी ठेवावे लागतात. भारताच्या २८ मार्च १९६२ च्या आदेशाने इथे जन्मलेल्यांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक धरलं, आणि जुनं नागरिकत्व ठेवायचं असेल त्यांना तसं लिहून द्यायला एक महिना दिला. पोर्तुगालचा नागरिकत्व कायदा मात्र त्या तारखेआधी इथे जन्मलेल्यांचा दावा आजही ऐकून घेतो. दोन्ही कायदे आपापल्या जागी चालू आहेत, आणि १९७४ च्या करारात त्यांची सांगड घालणारी ओळ शोधत बसलात तर ती सापडणार नाही.