रडणारी पृथ्वी नको : विद्यार्थ्यांच्या चित्रात प्रतीक कसं घडवायचं

‘पर्यावरण’ किंवा ‘स्त्रीशिक्षण’ असा विषय फळ्यावर लिहिला की निम्म्या कागदांवर रडणारी पृथ्वी, तुटलेली साखळी नाहीतर कबुतर उतरतं. ही प्रतीकं चुकीची नाहीत, वापरून गुळगुळीत झाली आहेत. म्हणून पहिली दहा मिनिटं फक्त यादी करायची आणि सुरुवातीच्या पाच कल्पनांवर काट मारायची. त्या सगळ्यांनाच सुचतात.

मग विषय लहान करा. ‘स्त्रीशिक्षण’ याचं चित्र निघत नाही. ‘घरकामापायी मुलीची शाळा सुटते’ याचं निघतं, कारण त्यात वस्तू आहेत : वही, झाडू, बादली, दोरी. यातल्या दोन एकमेकींत मिसळतात का, ते पाहा. वहीच्या ओळी उजवीकडे सरकता सरकता कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होतात. डावीकडे अक्षरं, उजवीकडे ओले कपडे. मुलगी काढायची गरजच उरत नाही. वस्तूचा आकार, जागा किंवा वापर यांतलं एकच काहीतरी बदला. तिन्ही बदललं की चित्राचं कोडं होतं.

स्पॅनिश चित्रकार पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्रात (१९३७) त्याच नावाच्या गावावरच्या बाँबहल्ल्याचा विषय आहे, पण विमान नाही की बाँब नाही. घोडा, बैल, मेलेलं मूल घेतलेली आई, दिवा. आणि सगळं काळ्या-पांढऱ्या-करड्यात. वर्गात दाखवायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागत नाही.

कथेवर चित्र काढायचं असेल तर ती दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात निदान तीनदा येणारी वस्तू अधोरेखित करा. पान क्रमांक, वस्तू कोणाच्या हातात, कोणत्या अवस्थेत, एवढं टिपा. समजा कंदील आधी पेटलेला, मग काजळी धरलेला, शेवटी खुंटीवर विझलेला. चित्रात हा बदल यायला हवा. नुसता प्रसंग काढला तर ते कथाचित्र होतं, आणि ते वेगळं काम आहे.

आता ५ × ७ सेंमीच्या सहा चौकटींत कच्ची रेखाटनं करा, प्रत्येकी तीन मिनिटं, ६बी पेन्सिलने. हे प्रमाण ए३ कागदाच्या जवळ जातं, त्यामुळे मोठं करताना मांडणी मोडत नाही. चौरसात बेत आखून आडव्या कागदावर नेला की कडेला रिकामी पट्टी उरते, आणि तिथे हमखास एक झाड येतं.

रंग तीनच ठेवा. त्यातला एक फक्त प्रतीकासाठी. रंगाचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो : पांढरा कुठे शोकाचा, कुठे लग्नाचा. म्हणून अर्थाचा भार एकट्या रंगावर टाकू नका. पोस्टर कलरचा पहिला थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर खालचा रंग वर येऊन सगळं मळकं होतं.

काही न सांगता चित्र तिघांना दाखवा. आधी विचारा, “काय दिसतं?” मगच, “काय वाटतं?” वस्तूच ओळखू आली नाही तर दोष रेखाटनाचा आहे, प्रतीक बदलू नका. तिघांनीही एकच घोषवाक्य सांगितलं तर प्रतीक फार उघडं आहे. काहीही झालं तरी चित्रावर वाक्य लिहून सुटका करून घेऊ नका.

सोबत साठ-ऐंशी शब्दांचं टिपण हवं : कोणती वस्तू, काय बदललं, का. विषय हिंसेचा किंवा घरातल्या त्रासाचा असेल तर हे टिपण वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. ते शिक्षकाने एकट्याने वाचावं.