एटीव्हीला इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन बसवताय? या चुका टाळा

एटीव्ही म्हणजे खडबडीत वाटेवर चालवायची, जाड टायरांची चारचाकी. ती चिखलातून पहिल्या गिअरमध्ये रांगत चढताना तापमानाचा दिवा लागतो आणि मोकळ्या वाटेवर गाडी पळवली की विझतो. दुखणं एवढंच असेल तर फॅन बसवा, फरक पडेल. पण ताशी ४० किलोमीटरच्या वेगातही इंजिन तापत असेल तर फॅन आणायची घाई करू नका. त्या वेगाला समोरून येणारा वाराच पुरायला हवा. तो मिळूनही गाडी तापते म्हणजे दोष दुसरीकडे आहे: थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) पूर्ण उघडत नाही, वॉटर पंप पाणी नीट ढकलत नाही, हेड गॅस्केट (सिलिंडर आणि हेडमधलं सील) गेलंय. बहुतेकदा तर रेडिएटरच्या जाळीत नुसता वाळलेला चिखल बसलेला असतो.

हे तपासायला रेडिएटरच्या मागे टॉर्च धरा. समोरून उजेड जिथे दिसत नाही तिथून हवाही जात नाही. चिखल समोरून शिरलेला असतो, म्हणून पाणी मागून मारा, तेही साध्या नळीने. प्रेशर वॉशर जवळून मारला की जाळीच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि होतं नव्हतं तेवढं हवेचं तोंडही बंद होतं.

वीज पुरेल का, हे न बघणं

सात-आठ इंची फॅन साधारण ६ ते १० अँपिअर घेतो. ८ अँपिअर धरले तर १३.५ व्होल्टला १०८ वॅट झाले. जुन्या किंवा लहान एटीव्हीचा स्टेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रणेचा भाग) एकूण २०० वॅटच्या आसपास देत असेल, तर दोन हेडलाईटचे ६० वॅट आणि इग्निशनचा खर्च वजा जाता फारसं काही उरत नाही. शिवाय मॅन्युअलमधला स्टेटरचा आकडा चढ्या आरपीएमचा असतो. फॅन लागतो तो नेमका इंजिन मंद फिरत असताना, म्हणजे स्टेटर सगळ्यात कमी देत असताना. इथेच हिशेब चुकतो.

कागदावरच्या हिशेबापेक्षा मल्टीमीटर बरा. इंजिन आयडलला (रेस न देता मंद चालू) ठेवा, हेडलाईट लावा, फॅन थेट बॅटरीला जोडा आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. १३ च्या वर टिकलं तर ठीक. १२.६ च्या खाली घसरत राहिलं तर फॅन बॅटरी खातोय. मग एलईडी हेडलाईट बसवून वॅट वाचवा किंवा लहान फॅन घ्या. मोठी बॅटरी हा उपाय नव्हे; ती फक्त उशिरा उतरते. काही किक-स्टार्ट स्पोर्ट एटीव्हींना बॅटरीच नसते आणि दिव्यांना एसी करंट जातो. अशा वायरवर डीसी फॅन चालत नाही. आधी रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) आणि बॅटरी लागते.

उलटा वारा

फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर त्याने हवा मागे ओढायची, पुढे असेल तर मागे ढकलायची. दोन्हीकडे हवेची दिशा एकच: गाडी पुढे जाताना वारा जसा आत येतो तशीच. उलट बसला तर उभ्या गाडीत ठीक वाटतं, पण चालत्या गाडीत फॅन आणि वारा एकमेकांशी झुंजतात. तपासायला जाळीसमोर कागद धरा: फॅन मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून गेला तर वायरी उलट्या आहेत. मात्र ओढणाऱ्या फॅनच्या वायरी मुद्दाम बदलून तो ढकलणारा करू नका. मोटर उलट फिरते, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला राहतो आणि हवा बरीच कमी येते. पातं उलटं बसवता येणारा फॅन असेल तरच ते करा.

जागा असेल तर मागे, ओढणारा फॅनच बसवा. पुढे बसवलेला फॅन दगड-काट्यांच्या तोंडी जातो आणि येणारा वाराही अडवतो. जागा मोजताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून बघा.

फॅनसोबत येणाऱ्या, जाळीतून आरपार ओवायच्या प्लास्टिक पट्ट्या फेकून द्या. एटीव्हीचे हादरे कारसारखे नसतात. त्या पट्ट्या नळ्यांवर घासत राहतात आणि काही महिन्यांत तिथूनच कूलंट पाझरायला लागतं. रेडिएटरच्या कडेला असलेल्या कानांवर ॲल्युमिनियमच्या पट्टीचा ब्रॅकेट करा, मध्ये रबरी वॉशर घाला. पातं आणि जाळी यांत १० ते १२ मिलिमीटर अंतर ठेवा आणि फॅनच्या कडेची फट फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर फॅन जाळीतून हवा ओढायचं सोडून बाजूची हवा गोल फिरवत बसतो.

तापमान स्विच: सगळ्यात जास्त घोळ इथेच

पहिला घोळ म्हणजे मीटरसाठी असलेल्या सेन्सरलाच रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) जोडणं. तो सेन्सर तापमानाप्रमाणे रोध बदलतो, स्विचसारखा चालू-बंद होत नाही. रिले धड चालत नाही आणि मीटरही खोटं दाखवायला लागतो. फॅनसाठी वेगळा स्विच घ्या.

दुसरा घोळ तापमान निवडताना होतो. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा आणि फॅनचा स्विच ८० चा असेल तर फॅन बंदच होणार नाही, कारण इंजिन तेवढं गरम असायलाच हवं. वरच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर येणाऱ्या होजमध्ये (रबरी नळीत) बसवायचा तर साधारण ९२ ते ९५ ला लागणारा आणि ८५ च्या आसपास सुटणारा स्विच योग्य. तोच स्विच खालच्या होजमध्ये बसवलात तर तिथे थंड झालेलं पाणी येतं. ते ९२ ला पोहोचेपर्यंत इंजिन केव्हाच जास्त तापलेलं असतं.

तिसरा घोळ शोधायला तासन् तास जातात. होज कापून मध्ये ॲल्युमिनियमचा ॲडॉप्टर टाकला आणि त्यात एक-वायरी स्विच बसवला. असा स्विच स्वतःच्या धातूतून अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोड) घेतो. पण ॲडॉप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर आहे! अर्थ येणार कुठून? ॲडॉप्टरला स्क्रू असेल तिथून चेसिसपर्यंत वायर ओढा, किंवा दोन-वायरी स्विच घ्या. स्विचच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड थर गुंडाळले तरी हेच होतं.

होज कापली की हवा आत शिरते. गाडीचं पुढचं तोंड वर करा, ब्लीड बोल्ट (हवा काढायचा बोल्ट) असेल तर ढिला करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. स्विचपाशी हवेचा गोळा अडकला तर इंजिन तापूनही फॅन लागत नाही. हे सगळं गार इंजिनावर. गरम रेडिएटरची कॅप उघडली तर उकळतं कूलंट अंगावर येतं.

वायरिंग

तापमान स्विचमधून फॅनचा पूर्ण करंट नेऊ नका, त्याचे पॉइंट जळतात किंवा चिकटतात. ३० अँपिअरचा चार पायांचा रिले घ्या; पायांवर ३०, ८७, ८६, ८५ असे आकडे असतात. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमधून पाय ३० ला, ८७ वरून फॅनला, इग्निशन चालू असतानाच वीज येणाऱ्या वायरवरून ८६ ला, आणि ८५ तापमान स्विचमार्गे अर्थला. ८६ थेट बॅटरीला जोडला आणि स्विच चिकटला तर १२ अँपिअर-तासांची बॅटरी दीड तासात झोपते.

फ्यूज बॅटरीजवळ, हाताच्या वितीत हवा. फॅन सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढतो, म्हणून ८ अँपिअरच्या फॅनला १५ चा फ्यूज ठेवा. वायर २.५ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन ३ मीटर लांबीला १० अँपिअर करंटवर ०.७५ ची वायर पाऊण व्होल्टच्या जवळपास गिळते, २.५ ची जेमतेम ०.२. फॅनचा अर्थही बॅटरीच्या ऋण टोकाला न्या. रंगवलेल्या फ्रेमवर थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) कसणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात फॅन हळू फिरवणं.

८५ च्या वायरमध्ये तीन स्थितींचं बटण जरूर घाला: मधला पाय ८५ ला, एक बाजू तापमान स्विचला, दुसरी थेट अर्थला. आपोआप, बंद आणि सक्तीने चालू. ही चैन नाही. खोल पाण्यात उतरताना फॅन फिरत असेल तर पाण्याच्या दाबाने पाती वाकतात, जाळीला लागतात आणि रेडिएटर फाडतात. पाण्यात शिरण्याआधी बटण ‘बंद’वर, बाहेर पडल्यावर पुन्हा ‘आपोआप’वर. मोटरला पाणी निथळायचं भोक असेल तर ते खाली येईल असा फॅन फिरवून बसवा.

लागत नसेल तर

आधी बटण ‘सक्तीने चालू’वर टाका. फॅन फिरला तर रिले, फ्यूज आणि मोटर ठीक. दोष तापमान स्विचमध्ये, त्याच्या अर्थमध्ये किंवा अडकलेल्या हवेत. रिले टिक् करतो पण फॅन गप्प, तर फॅनच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. १२ च्या वर असूनही फिरत नसेल तर मोटर गेली किंवा पात्यात काटकी अडकली. व्होल्टेजच नसेल तर फ्यूज आणि पाय ३०. टिक् आवाजही नाही, तर ८६ वर वीज येते का बघा. स्विचची शंका असेल तर काढून तापणाऱ्या पाण्यात टोक बुडवा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि मल्टीमीटरने तो कितीला जुळतो ते पाहा.

शेवटची चाचणी सपाट जागी, इंजिन आयडलला ठेवून. फॅन लागावा, काही मिनिटांत तापमान उतरून सुटावा, मग पुन्हा लागावा. लागला आणि सुटतच नसेल तर स्विचचा आकडा थर्मोस्टॅटच्या फार जवळ आहे, किंवा जाळी अजून साफ झालेली नाही. टॉर्च पुन्हा काढा.