स्वयंचलित सूक्ष्मदर्शकासाठी फोकसची पद्धत निवडताना

रत्नागिरीच्या खाडीतले प्लवक मोजायचे असोत किंवा आंब्याच्या पानावरची बुरशी पाहायची असो, नमुना काचेला चिकटून बसला आहे की तिच्यापासून सुटा आहे, हे आधी ठरवावे.

चिकटलेला असल्यास परावर्तनाची पद्धत सोयीची. तीत अवरक्त किरण काचेच्या पृष्ठभागावरून परततो आणि त्यावरून अंतर कळते. नमुन्याचे चित्र तपासावे लागत नाही, म्हणून ती वेगवान असते. मात्र काच आणि हवा यांच्या सीमेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, तर काच आणि पाणी यांच्या सीमेवरून जेमतेम ०.४ टक्के. डीपीएक्समध्ये (काचेइतकाच अपवर्तनांक असलेल्या, सुकून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवलेल्या कायमस्वरूपी काचपट्टीत आतल्या सीमेवरून जवळजवळ काहीच परतत नाही, त्यामुळे यंत्र कव्हरस्लिपची (नमुन्यावर ठेवलेल्या पातळ काचेची) वरची बाजू धरते आणि तिची ०.१७ मिमी जाडी जिथे कमीजास्त असेल तिथे फोकसही सरकतो.

प्लवकांची गोष्ट वेगळी आहे. प्लवक मोजण्याचा सेजविक-राफ्टर कोष्ठ १ मिमी खोल असतो, आणि १०× व ०.२५ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते याचे माप) भिंगाची स्पष्टतेची खोली, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारी जाडी, ९ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे सगळा कोष्ठ पाहायचा तर शंभराहून अधिक थर घ्यावे लागतील. त्यापेक्षा लुगॉलचे आयोडीन घालून पेशी तळाशी बसू द्याव्यात. त्याने त्यांना रंगही चढतो. मग चित्राची तीक्ष्णता मोजणारी पद्धत वापरावी, आधी मोठ्या पावलांनी आणि नंतर स्पष्टतेच्या खोलीच्या निम्म्या पावलांनी.

या पद्धतीत दोन अडचणी येतात. रंग न दिलेली पारदर्शक पेशी साध्या प्रकाशात नेमक्या फोकसवरच सर्वांत फिकी दिसते, त्यामुळे तीक्ष्णतेची दोन शिखरे तिच्या वर आणि खाली मिळतात. शिवाय खाडीच्या पाण्यात गाळ असतोच; त्याच्या कणांच्या कडा डायटम या सूक्ष्म शैवालांपेक्षा ठळक असल्या, तर यंत्र त्यांच्यावरच फोकस करते. अशा वेळी चित्राच्या ठरावीक भागापुरतेच मोजमाप ठेवावे.

रंगवलेल्या मोठ्या, सपाट काचपट्टीला फोकसचा नकाशा पुरतो, म्हणजे काही बिंदूंवर फोकस आधी मोजून बाकीच्या जागांचा त्यावरून काढायचा. तीन बिंदूंवरून प्रतल बसते, काच वाकलेली असल्यास अधिक बिंदू घ्यावेत. मात्र एसी चालू-बंद झाला की यंत्राचे धातूचे भाग आकुंचन-प्रसरण पावतात आणि नकाशा शिळा होतो, म्हणून अधूनमधून एखादा बिंदू पुन्हा तपासावा. पावसाळ्यात थंड खोलीतून बाहेर आणलेल्या भिंगावर बाष्प धरते. ते पूर्ण सुकल्याशिवाय कोणत्याही पद्धतीची चाचणी घेऊ नये.