गॅलरीतील पहिली बाग: चार कुंड्यांपासून सुरुवात

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी आपल्या गॅलरीत ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे एखाद्या सुट्टीच्या दिवशी घड्याळ पाहून टिपून ठेवावे. मिरची, टोमॅटो, वांगी या फळभाज्यांना रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते; मेथी, पालक, कोथिंबीर यांचे तीन-चार तासांतही भागते, आणि पुदिना त्याहून कमी उन्हातही तग धरतो. मात्र एका दिवसाच्या नोंदीवरून वर्षाचा अंदाज बांधू नये. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या ज्या गॅलरीतून डिसेंबरात ऊन थेट दिवाणखान्यात येते, तिच्यात जूनमध्ये ते जेमतेम कठड्यापर्यंत पोहोचते.

नवशिक्यांनी शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरुवात करावी. पावसाळ्यात माती सतत ओली राहून बी कुजते, तर एप्रिल-मेच्या उन्हात कोथिंबीर पाने देण्याआधीच फुलावर येते. पहिल्या हंगामात चार कुंड्या पुरेत: मेथी, कोथिंबीर, पुदिना आणि मिरची. गुलाब आणि मोगऱ्याचा मोह आवरता आला तर उत्तम.

मेथी-कोथिंबिरीला पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीचा पसरट ट्रे चालतो, मिरचीला मात्र बारा इंची कुंडी घ्यावी. तळाला छिद्रे आहेत ना, हे पाहून त्यांवर खापराचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती अडते. ओल्या मातीने भरलेली कुंडी बरीच जड होते, म्हणून मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात. कठड्याच्या बाहेर तर काहीच टांगू नये.

खरी मेहनत घ्यावी ती मातीवर. देशावरची काळी माती एकटी वापरल्यास ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की भेगाळते. मग घातलेले पाणी कडेच्या फटींतून सरळ खाली जाते आणि मुळे कोरडीच राहतात. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवून मोकळे केलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण करावे. ते किंचित ओलसर करून मुठीत दाबले असता लाडू वळला गेला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. लाडू फुटत नसेल तर कोकोपीट वाढवावे, वळतच नसेल तर माती. शेणखताला उग्र वास येत असेल तर ते अजून कच्चे आहे असे समजावे. त्याने कोवळी मुळे भाजतात.

मेथीचे बी वाणसामानातलेच चालते. रात्रभर भिजवून ते दाटसर पेरावे आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकी माती भुरभुरावी. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. (मुंबईच्या बाजारात इवल्याशा जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी तर वाळूतच वाढवलेली असते.) धण्यांचे तसे नाही. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून अख्खे, न भाजलेले धणे लाटण्याने हलकेच रगडून त्यांची दोन दले मोकळी करावीत, मगच भिजवून पेरावेत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. तोवर धीर सोडून माती उकरू नये. जुडीतल्या पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात ठेवून मुळ्या फुटल्या की लावाव्यात. मिरचीचे मात्र तयार रोप आणावे आणि संध्याकाळी लावावे.

पाणी ठरलेल्या वेळी नव्हे, तर गरजेप्रमाणे द्यावे. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. घरातल्या कुंड्या पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात, आणि अतिपाण्यानेही पाने पिवळी पडून मान टाकतात, त्यामुळे घाबरून आणखी पाणी घातले जाते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतात. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचीही आठवण ठेवावी.

मिरचीची पाने आक्रसून वळू लागली, म्हणजे शेतकरी ज्याला बोकड्या म्हणतात तो रोग दिसला, तर पानांची खालची बाजू तपासावी. फुलकिडे, कोळी नावाची बारीक कीड किंवा पांढरी माशी तिथेच असते. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. सगळे झाड आक्रसले असेल, तर ते वाचवण्यात वेळ न घालवता काढून टाकावे.

मेथी चार आठवड्यांच्या आसपास काढणीला येते. ती मुळासकट न उपटता कात्रीने कापावी. मेथी कडधान्यांच्या कुळातली असल्याने तिची मुळे मातीतच कुजू देणे फायद्याचे असते. नंतर तीच माती उलटसुलट करून दोन-तीन दिवस उन्हात पसरावी, तिच्यात दोन मुठी गांडूळखत मिसळावे आणि त्याच ट्रेमध्ये पालक पेरावा.