पतसंस्थेच्या नेटवर्कवर घुसखोरीशोधाचा अभ्यास कसा करावा

संगणक नेटवर्कमधील घुसखोरी आपोआप ओळखणाऱ्या प्रणालीच्या प्रकल्पासाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी अनेकदा ‘केडीडी कप ९९’ किंवा ‘एनएसएल-केडीडी’ हा नेटवर्क-नोंदींचा तयार डेटासंच घेतात आणि ९९ टक्के अचूकता दाखवून मोकळे होतात. या दोन्हींचे मूळ १९९८ साली अमेरिकेत प्रयोगासाठी तयार केलेल्या ट्रॅफिकमध्ये, म्हणजे नेटवर्कवरील माहितीच्या वाहतुकीत, आहे. त्यामुळे सांगलीतल्या पतसंस्थेत काम करायचे असेल, तर नोंदी तिथूनच घ्याव्यात.

त्याआधी संचालक मंडळाची लेखी परवानगी घ्यावी, कारण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ चा विषय होतो. ओळखीच्या व्यवस्थापकाने तोंडी दिलेला होकार येथे पुरेसा समजू नये.

मुख्य स्विचच्या मिरर पोर्टला (जिथे सर्व ट्रॅफिकची प्रत मिळते) वेगळा संगणक जोडून त्यावर ‘झीक’ हे नेटवर्कवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर बसवावे. ते प्रत्येक जोडणीची वेळ, दोन्हीकडचे पत्ते, पोर्ट आणि बाइट्सची संख्या नोंदवते. सभासदांच्या व्यवहारांचा मजकूर साठवण्याची गरज नसते, आणि तो साठवूही नये. सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेली असावीत, नाहीतर घटनांचा क्रमच लावता येत नाही.

प्रणालीला शिकवण्यासाठी नेटवर्कवरील नेहमीच्या वर्दळीचे चित्र ठरवताना घाई करू नये. फेब्रुवारीपासून बाजार समितीत हळदीची आवक वाढते, पाठोपाठ ३१ मार्च येतो. केवळ पावसाळ्यातील नोंदींवर शिकवलेली प्रणाली या गर्दीलाच हल्ला समजेल.

हल्ल्यांचे नमुने मात्र प्रयोगशाळेतील आभासी यंत्रांवरच घडवावेत, आणि निकाल मांडताना अचूकतेपेक्षा खोट्या इशाऱ्यांची संख्या आधी द्यावी. समजा, दिवसाला १ लाख जोडण्या होतात व त्यांतील १० घातक आहेत; प्रणालीने दहाही पकडल्या, पण निर्दोष जोडण्यांपैकी १ टक्क्यावर बोट ठेवले, तर सुमारे १,०१० इशाऱ्यांत खरे दहाच निघतात. घुसखोरीशोधाचे अभ्यासक स्टीफन ॲक्सेलसन यांनी १९९९ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता, तरी प्रकल्प अहवालांत हे गणित क्वचितच दिसते. पतसंस्थेत संगणक पाहणारा माणूस बहुधा एकटाच असतो, म्हणून दिवसाला तो किती इशारे तपासू शकेल हे त्यालाच विचारून इशारा देण्याचा उंबरठा ठरवावा.

अभ्यासात खरी घुसखोरी आढळली, तर प्रयोग तिथेच थांबवून नोंदींची प्रत सुरक्षित ठेवावी आणि संस्थेला लगेच कळवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत पतसंस्थेने ती सर्ट-इनला कळवायची असते.