‘चीप’ने माझी ऑर्डर कशी घालवली

सोलापुरात टेरी टॉवेल, म्हणजे अंगावर धाग्याचे छोटे फासे (लूप) असलेले टॉवेल, परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात मी नवीन लागले होते. मराठी माध्यम, बी.कॉम., पण व्याकरण पक्कं, म्हणून मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. इंग्लंडच्या एका बायरला ४५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं वजन ४५० ग्रॅम) बाथ टॉवेलचं कोटेशन पाठवताना शेवटी माझ्या मनानेच एक वाक्य जोडलं : ‘अवर टॉवेल्स आर व्हेरी चीप.’ उत्तर एका ओळीत आलं. आम्ही चीप टॉवेल शोधत नाही, धन्यवाद.

सँपल मागवायच्या बेतात असलेला माणूस गेला. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, क्रियापद बरोबर. मी तो मेल वीसेक वेळा वाचला असेन, चूक काही सापडेना.

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच अडतं. मंडईत बाई ओरडते, ‘मेथी स्वस्त लावलीय’, तेव्हा मेथीचा अपमान होत नाही. आपला ‘स्वस्त’ बहुतेक वेळा नुसता भाव सांगतो. ‘चीप’ भाव सांगतो आणि त्याच दमात मालाची लायकीही काढतो. त्यातला कुठला अर्थ ऐकू येईल, हे बोलणारा कोण यावर ठरतं. विकत घेणारा स्वतः म्हणाला, ‘आय गॉट इट चीप’, तर तो खूश आहे. विकणाऱ्याने आपल्याच मालाला चीप म्हटलं, की समोरच्याला ‘हलका माल’ ऐकू येतं. विमानाच्या ‘चीप फ्लाइट्स’ची जाहिरात खपून जाते, कारण विमान पोचायचं तिथेच पोचतं. टॉवेलचं तसं नाही. हलका असला तर तो दोन धुण्यांत रंग सोडतो, त्याचे लूप निघतात. बायर सँपल हातात घेतल्यावर आधी एक लूप नखाने ओढून बघतो. अशा माणसाला मी आपण होऊन सांगत होते, की बाबा, माल हलका आहे.

आणि गंमत म्हणजे हा अर्थ मला माहीत होता! ‘किती चीप जोक मारतो हा’, ‘एवढं चीप वागू नकोस’ हे आपण मराठीत बोलताना दिवसातून दोनदा म्हणतो. पण लिहायला बसले की शाळेत पाठ केलेलं ‘चीप म्हणजे स्वस्त’ तेवढंच आठवायचं. बोलण्यातला चीप आणि वहीतला चीप एकच आहेत, हे डोक्यात शिरायला एक ऑर्डर जावी लागली.

मग मी दुसरा घोटाळा केला. मोबाइलवर समानार्थी शब्दांचं ॲप उघडलं आणि पुढच्या बायरला ‘कट-रेट टॉवेल्स’ लिहिलं. रेट कट केलाय, म्हणजे छानच की! कट-रेट म्हणजे भाव पाडून विकलेला, बहुतेकदा दुय्यम माल. तो मेल जायच्या आत आमच्या अकाउंटवाल्या काकांनी पाहिला म्हणून वाचले. या ॲपांवर माझा राग आहे, तो राहणार. रॉजे या डॉक्टरने १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा संग्रह, छापला, त्यात शब्द कल्पनेनुसार एकत्र ठेवले होते, अर्थ दिलेले नव्हते. ज्याला शब्द आधीच ओळखीचे आहेत त्याला ते आठवून देणं, एवढंच त्या यादीचं काम. आपण नवखे तिथे शब्द निवडायला जातो. ‘रोज दहा शब्द पाठ करा’ सांगणारे क्लासवालेही त्याच माळेचे मणी. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठीचा ऑक्सफर्ड किंवा कोबिल्ड कोश उघडा. शब्द नापसंती दाखवतो का, हे तिथे लिहिलेलं असतं.

मी आता काय लिहिते? धंद्याच्या मेलमध्ये ‘कॉम्पिटिटिव्हली प्राइस्ड’. भाव वाजवी आहे म्हणायचं तर ‘रीझनेबल’. ‘अफोर्डेबल’ घेणाऱ्याच्या खिशाकडे बघतो, परवडणारी घरं म्हणतो ना, तसं. मोठ्या हॉटेलवाल्याला तो लिहू नका. ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ सरळ, निरुपद्रवी. ‘इकॉनॉमिकल’ म्हणायचं ते वापरात पैसे वाचवणाऱ्या गोष्टीला, म्हणजे कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला. आणि ‘चीप प्राइस’ नको, प्राइस ‘लो’ असते. मराठीतही माल स्वस्त असतो, किंमत कमी असते. ‘किंमत स्वस्त’ कानाला खटकतंच.

कापडवाल्यांसाठी एक वेगळा खड्डा : ‘शॉडी’. चिंध्या पिंजून काढलेल्या लोकरीच्या धाग्याचं हे नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बॅटली गावाकडे रुजलं, पानिपतच्या ब्लँकेटवाल्यांत आजही शॉडी यार्न हा साधा व्यापारी शब्द आहे. बाहेर मात्र शॉडी म्हणजे भिकार काम. यार्नच्या बिलात चालेल, तयार मालाच्या वर्णनात कधीच नाही.

घाबरू नका मात्र. ‘चीप’ला वाळीत टाकायची गरज नाही. ‘डर्ट चीप’ म्हणजे आपलं मातीमोल, दोन्हीकडे मातीच. मुळात ‘चीप’ म्हणजे सौदा, खरेदी-विक्री. लंडनचं चीपसाइड हे जुन्या बाजाराचं नाव. शब्द आपल्यासारखाच बाजारातला आहे, नंतर बिघडला.

माणसांबद्दल लिहिताना तर जास्तच जपा. अमेरिकेत ‘ही इज चीप’ म्हणजे तो चिक्कू आहे. काटकसरी म्हणायचं तर ‘थ्रिफ्टी’ किंवा ‘फ्रूगल’. तिथेही ‘इकॉनॉमिकल’ जपून, कारण ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रूथ’ म्हणजे सभ्य शब्दांत खोटारडा. १९८६ मध्ये ब्रिटनचे कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात हे बोलून बसले आणि शब्दप्रयोग जगभर झाला.

आमचे मालक जुन्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब करतात आणि दुपारी पंखा बंद करतात. त्यांना थ्रिफ्टी म्हणायचं की चीप, हे मी दर वर्षी दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर ठरवते.